दोन वेगळ्या सॅटेलाइटच्या इमेज मर्ज केल्या तर क्वालिटी खरंच वाढते का? कोणती पद्धत वापरू?

दिसायला वाढते. मोजायला वाढेलच असं नाही, अन् या एका वाक्यापायी मी माझ्या जुन्या साहेबांशी आठ दिवस बोललो नव्हतो.

नागपुरातल्या एका छोट्या फर्ममध्ये होतो तेव्हा, काम काटोलकडच्या संत्र्याच्या बागा शोधायचं. झाडं साधारण 6 मीटरवर, लिस-4 चा (भारतीय सॅटेलाइटवरचा रंगीत कॅमेरा) पिक्सेल 5.8 मीटरचा, म्हणजे रंग मिळतो पण ओळी काही दिसत नाहीत. म्हणून कार्टोसॅट-1 या दुसऱ्या सॅटेलाइटची 2.5 मीटरची काळीपांढरी इमेज, म्हणजे पॅन, घेऊन आयएचएस नावाच्या पद्धतीने मर्ज केलं. बाप्पा, काय दिसत होतं! ओळी मोजून घ्या. साहेब खूश, म्हणे याच्यावरच एनडीव्हीआय (झाडोऱ्याच्या हिरवेपणाचा आकडा) काढ. मी म्हटलं सर, मोजमाप मूळ लिसवर करू, मर्ज फक्त डोळ्यांनी पाहायला ठेवू. "काहून बे, एवढी क्लिअर इमेज असताना धूसर कशाला?"

मग फील्डला एसटीने मीच गेलो. नकाशात बाग, समोर तूर. शेतकरी म्हणे, "भाऊ, इथं संत्रा माह्या आजोबाच्या वेळेस बी नव्हता." रात्री मेटाडेटा उघडला तर लिस नोव्हेंबरची अन् कार्टोसॅट मे महिन्याची! मे मध्ये ते वावर रिकामं, वखरलेली काळी माती, पॅनमध्ये गडद. आयएचएस उजेडाचा भाग काढून तिथं पॅन बसवतं, म्हणजे अशा जागी लाल अन् एनआयआर (डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड) दोन्हीतून सारखंच वजा होतं. एनडीव्हीआय म्हणजे या दोघांची वजाबाकी भागिले बेरीज; वजाबाकी तीच राहते, बेरीज घटते, एनडीव्हीआय वर चढतो. झाला तुरीचा संत्रा. ब्रोव्ही ही दुसरी पद्धत म्हणाल तर ते सगळे बँड (रंगांचे थर) एकाच आकड्याने गुणतं, एनडीव्हीआय जसाच्या तसा, मग नवीन मिळालं काय, घंटा?

पद्धतीचं म्हणाल तर ग्राम-श्मिट लावा, रंग बरे राहतात. पण आधी दोन्हीच्या तारखा बघा अन् रजिस्ट्रेशन (दोन्ही इमेज एकमेकींवर तंतोतंत बसवणं) नीट करा, नाहीतर बांधाला दोन दोन कडा दिसतात. कोणी "क्लिअर आहे तीच वापर" म्हटलं तर त्याला आधी वावरात उभं करा.

हां, पॅन अन् रंगीत एकाच सॅटेलाइटने एकाच वेळी घेतलेली असेल, कार्टोसॅट-2 सिरीजमधल्या 2C अन् नंतरच्या सॅटेलाइटसारखी, तर तारखेची कटकट लागू नाही. रडारचं, सेंटिनेल-1 वगैरे, वेगळंच, ते ढगातून बघतं पण फोटो साफ करत नाही.

आमचा नकाशा शेवटी मूळ लिसवरच परत केला. मर्ज इमेज साहेबांनी क्लायंटला फ्रेम करून दिली, भिंतीवर छान दिसते म्हणे.