जुन्या जनगणनेचा डेटा आणि नकाशे: सुरुवातीला एवढंच बघा

अमेरिकेचा जुना डेटा हवाय ना, मग थेट एनएचजीआयएसवर (अमेरिकेच्या जुन्या जनगणनेचा डेटा आणि नकाशे देणारी वेबसाइट) जा, 1790 पासूनचे तक्ते आणि सीमांच्या फाइल्स फुकट मिळतात, फक्त नाव नोंदवावं लागतं. पण लगेच सगळी दशकं उतरवू नका! एक वर्ष, एक तक्ता, काउंटीची (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) पातळी, एवढ्यावर आधी एक नकाशा पूर्ण करा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 1900 चे आकडे आजच्या सीमांवर चढवणं. काउंट्या फुटल्या, जोडल्या गेल्या, नाव तेच राहिलं आणि जमीन बदलली, त्यामुळे नकाशा दिसतो छान पण लोकसंख्या घटली की सीमा सरकली हेच कळत नाही. ज्या वर्षाचा तक्ता, त्याच वर्षाची सीमा-फाइल घ्या.

बाकी नेहमीच्या चुका:
- तक्त्याची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली की विभागांच्या कोडातली सुरुवातीची शून्यं उडतात, अलाबामा राज्याचा 01 नुसता 1 होतो आणि तक्ता सीमा-फाइलला जोडताना फसतो. तक्ता आणि सीमा-फाइल दोन्हींत असलेल्या जीआयएसजॉइन या कोडाच्या कॉलमवरच जोडा.
- शेपफाइल (म्हणजे वरची सीमा-फाइल) ही एकच फाइल नाही, एसएचपीसोबतच्या डीबीएफ, एसएचएक्स, पीआरजे या फाइल्स, सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा.
- डेटासोबत येणारं कोडबुक (कॉलमच्या कोडांचा अर्थ सांगणारी फाइल) वाचा, कॉलमची नावं त्याशिवाय कळणारच नाहीत.

आणि हो, 1890 च्या घरोघरच्या बहुतेक नोंदी 1921 च्या आगीपायी गेल्या, तरी छापील एकूण आकडे आहेत, ते वर्ष सोडू नका.

दोन दशकांची तुलना नंतर बघू, आधी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पहिला नकाशा रंगवा, अडलात तर बिनधास्त विचारा.