इंग्रजीतील ‘मोल’ या शब्दाला इतके वेगवेगळे अर्थ कसे काय आले?

रसायनशास्त्रातील मोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक), त्वचेवरील तीळ आणि जमिनीखाली राहणारा प्राणी या तिघांना इंग्रजीत एकच शब्द का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा एक शब्द नाहीच. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेले अनेक शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन पोहोचले आहेत. म्हणून अर्थांची ओढूनताणून साखळी जुळवण्यापेक्षा प्रत्येकाचे जुने रूप पाहावे.

तिळाचा ‘मोल’ जुन्या इंग्रजीतील ‘माल’ म्हणजे डाग या शब्दापासून आला. ज्या ध्वनिनियमाने ‘स्तान’चा ‘स्टोन’ आणि ‘हाम’चा ‘होम’ झाला, त्याच नियमाने ‘माल’चा ‘मोल’ झाला.

प्राण्याचे नाव मध्ययुगीन ‘मोल्ले’वरून आले असून डच भाषेतील ‘मोल’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे. या प्राण्याला इंग्रजीत ‘मोल्डवार्प’, म्हणजे माती उकरून फेकणारा, असेही एक सुंदर नाव होते. मराठीत याचे भाषांतर कधीकधी ‘चिचुंद्री’ असे केले जाते, ते मला मान्य नाही. चिचुंद्री घरात भिंतीकडेने फिरते, तर मोल जवळजवळ सारे आयुष्य बिळात काढतो आणि भारतात तो पूर्व हिमालय व ईशान्येकडेच आढळतो. इंग्लंडच्या इतिहासात मात्र त्याला मानाचे स्थान आहे. राजा तिसरा विल्यम याचा घोडा मोलने उकरलेल्या ढिगाऱ्याला अडखळला, राजा पडला आणि त्या दुखण्यातून १७०२ मध्ये वारला, असे सांगितले जाते. पुढे त्याचे विरोधक ‘काळ्या मखमलीतील छोट्या सद्गृहस्थां’च्या, म्हणजे या मोलच्या, नावाने पेला उंचावत. शत्रूच्या गोटात दडून राहिलेल्या हेराला मोल म्हणतात तो अर्थ याच प्राण्यावरून आला. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याच्यावर लिहिताना इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनने १६२२ मध्येच राजाविरुद्ध गुप्तपणे पोखरणाऱ्यांना ही उपमा दिली होती.

मला सर्वांत अधिक आनंद देणारे नाते याहून वेगळे आहे. बंदरात लाटा अडवण्यासाठी समुद्रात बांधलेल्या दगडी बांधालाही ‘मोल’ म्हणतात; दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्समधील डंकर्क बंदरातून सैन्य हलवले गेले तेव्हा हजारो सैनिक अशाच बांधावरून जहाजांवर चढले. हा शब्द लॅटिनमधील ‘मोलेस’, म्हणजे प्रचंड वस्तुमान किंवा ढीग, यापासून आला आहे. त्याच ‘मोलेस’चे लघुत्वदर्शक रूप ‘मॉलेक्युला’, म्हणजे इवलासा ढीग, आणि त्यावरून ‘मॉलेक्यूल’ म्हणजे रेणू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी ‘मोल’ ही संज्ञा वापरात आणली. २०१९ पासून एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, अशी त्याची नेमकी व्याख्या आहे. म्हणजे तीळ आणि प्राणी परस्परांचे कोणी लागत नाहीत, पण बंदरातील बांध आणि प्रयोगशाळेतील एकक हे एकाच मुळाचे आहेत.

मेक्सिकोतील मिरचीच्या दाट रश्शाचे नाव इंग्रजीत याच अक्षरांनी (mole) लिहितात, परंतु त्याचा उच्चार ‘मोले’ असा होतो. ते मेक्सिकोतील मूळ रहिवाशांच्या नावात्ल भाषेतील ‘मोल्ली’वरून आले आणि ‘ग्वाकामोले’ या नावाचा उत्तरार्धही तोच आहे. आपल्या मराठी ‘मोल’चा मात्र यांपैकी कोणाशीही संबंध नाही, कारण तो संस्कृत ‘मूल्य’पासून आलेला आहे.