थीम पार्कमध्ये परेड नीट दिसेल अशी जागा कशी शोधावी आणि गर्दीत कसं वागावं?

डिस्नेसारख्या पार्कमध्ये मधोमध परीकथेतला किल्ला असतो, त्याच्यासमोरचा चौक सोडा. फोटो तिथेच छान येतात, म्हणून सगळं जग तिथेच लोटतं.

आधी पार्कच्या अ‍ॅपवर परेडचा मार्ग बघा, ती कुठून निघते हेही. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या डिस्ने पार्कमध्ये दुपारची परेड फ्रंटियरलँड या भागाकडून निघते आणि प्रवेशद्वाराजवळच्या मेन स्ट्रीटवर संपते. सुरुवातीच्या टोकाला थांबलात, तर तुमची बघून होते तेव्हा निम्मं पार्क अजून वाट बघत असतं. तेवढ्यात राइडची रांग गाठायची. वळणाची बाहेरची बाजू मिळाली तर उत्तमच, चित्ररथ थेट समोरून येताना दिसतो. सूर्य पाठीशी ठेवा. आणि एकदा मार्ग बंद झाला की रस्ता ओलांडू देत नाहीत, म्हणून नंतर जिकडे जायचं त्याच बाजूला उभे राहा.

भांडणं होतात ती जागा अडवण्यावरून. एकाने चटई पसरायची आणि ऐनवेळी अख्खं खानदान घुसवायचं, हे चालत नाही. टोकियो डिस्नेलँडमध्ये परेडच्या तासभर आधीच जागा धरता येते, त्याआधी नाही. तिथे पुढच्या रांगांनी बसायचं असतं. हा नियम मला तरी सगळीकडे हवासा वाटतो.

मुलाला खांद्यावर घ्यायचंच असेल तर शेवटच्या रांगेत जा. मोबाइल छातीच्या उंचीवर धरा, सेल्फी स्टिक पिशवीतच राहू दे. व्हीलचेअरसाठी राखलेली जागा रिकामी दिसली तरी तिथे घुसू नका.