पहाटे पाचला उठून अभ्यास जमतच नाही. बेळगावात खोली करून राहतोय, सकाळ कशी बसवू?

पाचचा हट्ट सोडा. झोपायची वेळ आधी ठरवा, तिथून किमान ७ तास मोजा आणि रविवारीही त्याच वेळेला उठा. शरीराचं घड्याळ गजरापेक्षा उजेडाला जास्त मानतं. त्या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे जानेवारीत सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो. मग दोन तास ट्यूबलाइटखाली पेंगून काय हशील?

उजाडलं की व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत किंवा किल्ला तलावाला एक चक्कर मारून या. पावसाळ्यात झड लागली असेल तर नुसतं दारात उभं राहा. ढगाळ आभाळसुद्धा खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी प्रखर असतं. आल्यावर मोबाइलला हात न लावता सगळ्यात जड विषय घ्या, अर्धा-पाऊण तास. पुस्तक रात्रीच त्या पानावर उघडून ठेवा, म्हणजे सकाळी शोधाशोध नको. बाकी चहा, पेपर, योगासनं तुमच्या सोयीनं.

उद्यमबागेतल्या कारखान्यात रात्रपाळी करत असाल तर मात्र हे लागू नाही. तेव्हा पाळीवरून येताना ऊन टाळायचं आणि खिडकीला जाड पडदा लावून आधी झोपायचं.