आंबेडकर ते खानखोजे, मेक्सिकोमार्गे

आपण विचारले आहे की, जगातल्या राजकीय व्यक्तींना जोडणारी, सहसा कुणाच्या ध्यानात न येणारी एखादी साखळी कुणाला माहीत आहे का, आणि अशा साखळ्यांना काही अर्थ असतो की तो निव्वळ योगायोगाचा खेळ. उत्तर देण्याआधी माझी एक अट सांगतो. परिषदेतले हस्तांदोलन किंवा विमानतळावरचे छायाचित्र मी दुवा म्हणून धरत नाही, कारण त्या हिशेबाने कोणताही पंतप्रधान कोणत्याही हुकूमशहापासून दोन पावलांवर असतो. एकाने दुसऱ्याला शिकवले, आसरा दिला, त्याच्यासाठी लेखणी उचलली किंवा त्याच्याशी हाडवैर धरले, तरच तो दुवा. या अटीत बसणारी आणि मला सर्वांत आवडणारी साखळी दोन मराठी माणसांना जोडते, पण तिचा मधला भाग सारा मेक्सिकोत आहे.

पहिले टोक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि 1916 पर्यंत तिथे शिकले. तिथल्या प्राध्यापकांपैकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचे ऋण त्यांनी आयुष्यभर मानले. जातिसंस्थेच्या उच्छेदनावरील 1936 च्या प्रसिद्ध भाषणात त्यांनी ड्यूई यांचा उल्लेख, ज्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे असे आपले गुरू, असाच केला आहे. इथपर्यंतचा भाग आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतो. ड्यूई यांनी पुढच्याच वर्षी काय केले, हे मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

मॉस्कोत ऑगस्ट 1936 आणि जानेवारी 1937 मध्ये झालेल्या खटल्यांत लिऑन ट्रॉट्स्कीवर, म्हणजे रशियन क्रांतीच्या एका नेत्यावर आणि स्टालिनच्या हद्दपार विरोधकावर, तो हजर नसताना, कटाचे आणि घातपाताचे आरोप ठेवले गेले. त्या आरोपांची निःपक्ष चौकशी करण्यासाठी अमेरिकेत जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद सत्त्याहत्तर वर्षांच्या ड्यूई यांनी स्वीकारले. ते मार्क्सवादी नव्हते, ट्रॉट्स्कीची मते त्यांना मान्य नव्हती, आणि त्यांनी या वयात या भानगडीत पडू नये असे घरच्यांना वाटत होते. तरीही ट्रॉट्स्की तेव्हा जिथे आश्रयाला होता, त्या मेक्सिकोला ते रेल्वेने गेले. एप्रिल 1937 मध्ये मेक्सिको शहराच्या कोयोआकान भागातल्या एका निळ्या घरात आठवडाभर या आयोगाची बैठक चालली आणि ट्रॉट्स्कीने आपली बाजू मोडक्यातोडक्या का होईना, पण इंग्रजीत मांडली. त्याचे समारोपाचे भाषण संपल्यावर ड्यूई एवढेच म्हणाले की, यानंतर मी काहीही बोललो तरी ते फिकेच पडेल. त्या वर्षाच्या डिसेंबरात आयोगाने ट्रॉट्स्कीला निर्दोष ठरवले. इकडे त्याच वर्षी फेब्रुवारीत ड्यूईंचे शिष्य मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले होते. गुरू आणि शिष्य यांची ही दोन कामे मी कधीच एका कालपटावर ठेवून पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा आश्चर्य वाटले.

ते निळे घर चित्रकार फ्रिडा काहलो हिच्या माहेरचे. तिचा पती दिएगो रिवेरा याने राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांच्याकडे शब्द टाकला म्हणूनच ट्रॉट्स्कीला मेक्सिकोत आश्रय मिळाला होता. आता दुसरे टोक जवळ आले. रिवेराने 1920 च्या दशकात मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर जी प्रचंड चित्रे काढली, त्यांतल्या एका चित्रात मेजाभोवती सामान्य माणसे जमली आहेत आणि एक जण पाव मोडतो आहे. तो पाव मोडणारा माणूस म्हणजे वर्ध्याचे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. आंबेडकर, ड्यूई, ट्रॉट्स्की, रिवेरा, खानखोजे: पाच माणसे आणि चार दुवे, आणि एकही दुवा नुसत्या हस्तांदोलनाचा नाही.

खानखोजे तिथे पोहोचले कसे, हे सांगितल्याशिवाय ही साखळी चमत्कारासारखी वाटेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकता शिकता ते गदर चळवळीत गेले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढले, आणि 1921 मध्ये बर्लिनमधल्या भारतीय क्रांतिकारकांच्या शिष्टमंडळाबरोबर मॉस्कोला गेले. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय त्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते. तिथे त्यांची गाठ पडली ती मानवेंद्रनाथ रॉय यांच्याशी, आणि ती प्रतिस्पर्धी म्हणून. कारण भारतीय क्रांतीचा प्रतिनिधी कोण, या वादात तिसऱ्या आंतरराष्ट्रीयचे, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या मॉस्कोतल्या संघटनेचे, कॉमिन्टर्नचे, माप रॉय यांच्या पदरात पडले. बर्लिनचा गट रिकाम्या हाताने परतला. ब्रिटिशांच्या यादीत नाव असल्याने खानखोज्यांना भारताचे दार बंद होते, म्हणून 1924 मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले. त्याच काळात रिवेरा चापिंगोच्याच जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवत होता. शेतकऱ्यांसाठी खानखोज्यांनी काढलेल्या मोफत शेतीशाळांची छायाचित्रे टिना मोदोत्ती या इटालियन छायाचित्रकर्तीने काढली आहेत.

आता यातली खरी गंमत पाहावी. ज्या रॉय यांच्यामुळे खानखोज्यांच्या गटाची मॉस्कोत डाळ शिजली नाही, ते स्वतः मेक्सिकोहूनच मॉस्कोला आले होते. अमेरिकेतल्या अटकेतून निसटून ते 1917 मध्ये मेक्सिकोत गेले, 1919 मध्ये तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक झाले आणि पुढच्या वर्षी कॉमिन्टर्नच्या दुसऱ्या अधिवेशनात मेक्सिकोचे प्रतिनिधी म्हणून बसून वसाहतींच्या प्रश्नावर थेट लेनिनशी वाद घालू लागले. म्हणजे एक भारतीय मेक्सिकोहून मॉस्कोला गेला आणि दुसरा मॉस्कोत हरून मेक्सिकोला. रिवेरा 1922 मध्ये ज्या पक्षात शिरला, तो पक्ष उभा करणाऱ्यांत एक बंगाली माणूस होता. आणि 1929 या एकाच वर्षी त्या पक्षाने रिवेराला आणि कॉमिन्टर्नने रॉय यांना बाहेर काढले. (मेक्सिको शहरातल्या रॉय यांच्या जुन्या घरात अलीकडे त्यांच्याच नावाचा नाइट क्लब निघाला होता. यावर मी काही भाष्य करत नाही.) रॉय पुढे भारतात परतले, तुरुंगात गेले, सुटल्यावर त्यांनी नवा विचार मांडला, आणि त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांत वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. लेनिनपासून मराठी विश्वकोशाच्या प्रमुख संपादकापर्यंत जायला मध्ये एकच माणूस लागतो, हे मला अजूनही पचायला जड जाते.

हा योगायोग आहे का, तर माझ्या मते फार थोडा. दहा वर्षांच्या क्रांतीतून गेलेल्या मेक्सिकोला अमेरिकेचा आणि ब्रिटनचा संशय होता आणि त्या दोघांच्या शत्रूंना दाराशी उभे करायला तिथे सहसा कुणाची हरकत नव्हती. ब्रिटिश साम्राज्याने ज्याच्यामागे पोलीस लावले, त्याला जगात उघडी असलेली दारे मोजकीच होती: आधी पॅरिस, मग बर्लिन, मॉस्को, मेक्सिको. दारे मोजकी असली की उंबऱ्यावर तीच ती माणसे भेटतात. कोलंबियाचा वर्ग हेही असेच एक दार होते. हू शी हा चिनी विद्यार्थी 1915 मध्ये ड्यूईंकडे आला, म्हणजे तो आणि आंबेडकर वर्षभर एकाच विद्यापीठात होते. पुढे पेकिंग विद्यापीठात तो प्राध्यापक असताना तिथल्या ग्रंथालयात माओ नावाचा तरुण मदतनीस होता. तीस-पस्तीस वर्षांनी त्याच माओच्या राजवटीत हू शी आणि ड्यूई यांच्या विचारांविरुद्ध मोहीम उघडली गेली.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. साखळी म्हणजे प्रभाव नव्हे. आंबेडकर ड्यूईंचे शिष्य आणि ड्यूई ट्रॉट्स्कीचे न्यायाधीश, म्हणून आंबेडकरांच्या विचारात ट्रॉट्स्की शोधायला जाणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. दुवा जितका लांब, तितका तो माणसांपेक्षा जागांविषयी अधिक सांगतो.

जाता जाता पॅरिसच्या दारातला एक दुवा, कारण आपण प्रश्नात सावरकरांचाही उल्लेख केला आहे. 8 जुलै 1910 रोजी मार्सेयच्या बंदरात बोटीतून उडी मारून किनारा गाठलेल्या सावरकरांना फ्रेंच पोलिसाने ब्रिटिशांच्या हवाली केले, तेव्हा ‘ल्युमानिते’ या समाजवादी पत्रातून त्याविरुद्ध आवाज उठवणारा पत्रकार होता जाँ लाँगे, कार्ल मार्क्सचा सख्खा नातू, थोरल्या मुलीचा मुलगा. हेगच्या लवादाने फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने दिला. त्यानंतर दहा वर्षांनी, डिसेंबर 1920 मध्ये, तूर शहरात फ्रेंच समाजवादी पक्षाचे अधिवेशन भरले असता इंडोचीनमधून आलेला एक कृश तरुण तिथल्या लोकांवरचे अत्याचार सांगू लागला आणि आपल्या पक्षाने वसाहतींसाठी काय केले असे विचारू लागला. तेव्हा लाँगे मध्येच उठून म्हणाला की, मी त्यांच्या बाजूने बोललो आहे. तरुणाचे त्याने समाधान झाले नाही. अधिवेशनाच्या शेवटी, कॉमिन्टर्नमध्ये जावे की नाही यावरून, पक्ष फुटला. लाँगे जुन्या पक्षात राहिला आणि तो तरुण, ज्याला जग पुढे हो चि मिन्ह म्हणून ओळखू लागले, मॉस्कोच्या बाजूने मत देऊन निघून गेला.