डब्यातले वेफर्स एकसारखे कसे?

प्रश्न : पाकिटातले बटाटा वेफर्स लहानमोठे, निम्म्यांचा चुरा झालेला. प्रिंगल्सच्या डब्यातले मात्र एकाच मापाचे, एकावर एक बसलेले. इतके सारखे बटाटे आणतात कुठून? घरी तसे जमतील का? उपवासाला चालतील का?

उत्तर : बटाट्याच्या मापाचा इथे संबंधच नाही, कारण तो बटाट्याचा काप नव्हे. बटाटे शिजवून, कुस्करून, वाळवतात. त्या सुक्या बटाट्यात तांदळाचे व मक्याचे पीठ, गव्हाचा स्टार्च आणि पाणी घालून गोळा करतात, तो रुळांखाली पातळ लाटतात आणि लंबगोल चकत्या पाडतात. म्हणजे जातीने हा वेफरपेक्षा पापडाला जवळचा. चकती वक्र साच्यावर बसवूनच गरम तेलातून काही सेकंद नेतात. मोकळी सोडली तर वेडीवाकडी होईल. मसाला वरून भुरभुरतात, म्हणून एकाच बाजूला जास्त लागतो. ती बाजू जिभेकडे धरून पाहा, फरक कळेल.

आकार खोगिरासारखा : एका दिशेने वर, दुसऱ्या दिशेने खाली वळलेला. अशी चकती सहज वाकत नाही आणि चळत घसरत नाही.

मूळ तक्रार तुमचीच होती. चुरा, खवटपणा, पाकिटातली हवा यांवर उपाय शोधायचे काम १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने फ्रेडरिक बाऊर या रसायनतज्ज्ञाला दिले. आकार आणि डबा त्यांनी काढला, चव काही जमली नाही. ती पुढे अलेक्झांडर लीपा यांनी सुधारली, आणि १९६८ साली इंडियाना राज्यातल्या इव्हान्सव्हिलमध्ये माल विक्रीला आला.

घरी उकडलेल्या बटाट्याचे करू नका. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी. जास्त मळला की चिकट होतो, पारी फाटते, तळलेली चकती लगेच मऊ पडते. सुके बटाटा फ्लेक्स घ्या, पाणी चमच्याचमच्याने घाला, दोन प्लॅस्टिक कागदांमध्ये लाटा. खोगिराचा आकार साच्याशिवाय येणार नाही.

उपवासाला? तांदळाचे वा मक्याचे पीठ किंवा गव्हाचा स्टार्च असेल तर नाही. डब्यावरची घटकांची यादी वाचा. बटाटा निम्म्याहूनही कमी, म्हणून हा ‘क्रिस्प’ (बटाटा वेफरला ब्रिटनमधला शब्द) नव्हेच, असे कंपनीनेच ब्रिटनमध्ये कर वाचवण्यासाठी कोर्टात सांगितले होते. २००९ साली अपील न्यायालयाने ते मानले नाही, कर भरावा लागला. तुमच्या घरचा निकाल आजीकडे.