वाचकांचे प्रश्न : छोट्या ब्लूटूथ स्पीकरची पारख

*गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे हातात मावणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या आणि फार महाग नसलेल्या ब्लूटूथ स्पीकरबद्दलची होती. त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरे लिहीत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण बाकीच्या बऱ्याच शंकांचे मूळ त्यातच आहे.*

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. सकाळी घरकाम करताना बातम्या, व्याख्याने आणि अधूनमधून गाणी ऐकण्यासाठी मला एक छोटा स्पीकर घ्यायचा आहे. पाहिलेल्या दोन स्पीकरपैकी एकाच्या खोक्यावर १६ वॅट आणि आठ तास असे छापलेले आहे, तर दुसऱ्याच्या खोक्यावर १० वॅट आणि बारा तास. विक्रेत्याने दोन्ही पूर्ण आवाजात लावून दाखवले, तेव्हा पहिला अधिक दमदार वाटला. तोच घ्यावा का?

उत्तर : केवळ त्या दमदारपणावर विसंबून घेऊ नये, असे मी म्हणेन. दोन स्पीकर शेजारी ठेवून वाजवले आणि त्यांतील एक किंचित मोठ्याने वाजत असला, तर आपल्या कानाला तो मोठा न वाटता ‘चांगला’ वाटतो. ही कानाची जुनी खोड आहे आणि विक्रेत्यांना ती चांगली ठाऊक असते. म्हणून तुलना करायची असेल, तर आधी दोघांचे आवाज अंदाजाने सारखे करून घ्यावेत आणि मगच मत बनवावे.

आता वॅटबद्दल. १० आणि १६ या आकड्यांत जेवढे अंतर दिसते, तेवढे ते कानाला जाणवत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची, वाढ लागते. १० वॅटवरून १६ वॅटवर गेल्याने जेमतेम २ डेसिबल पदरात पडतात. शिवाय त्या शक्तीतून आवाज किती निघणार, हे आतील ध्वनिपटल, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पडदा, आणि पेटीची घडण यांवर ठरते, आणि त्याविषयी खोक्यावर सहसा अक्षरही नसते. अंतराचा परिणाम मात्र ठळक असतो. मोकळ्या जागेत आपण स्पीकरपासून दुप्पट लांब गेलो की ६ डेसिबल कमी होतात. तेव्हा स्पीकर ओट्यापासून दोन पावले जवळ आणून ठेवला, तर त्या जादा ६ वॅटपेक्षा अधिक काम होते.

खोक्यावरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात तर मला नेहमीच मौज वाटते. समजा, आत २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे. अशा बॅटरीचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो, म्हणजे तिच्यात सुमारे ७.४ वॅट-तास एवढी ऊर्जा मावते. स्पीकर आठ तास चालत असेल, तर तो सरासरी एक वॅटसुद्धा खर्च करत नाही. आणि खरोखरच सतत १६ वॅट देऊ लागला, तर अर्ध्या तासाच्या आत बॅटरी आटोपेल. याचा अर्थ कंपनी खोटे बोलते असा नाही. वॅटचा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा असू शकतो, आणि तासांचा आकडा बहुधा मध्यम आवाजावर मोजलेला असतो. दोन्ही आकडे एकाच वेळी आपल्या वाट्याला येत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले. गंमत अशी की आपण घरात ऐकतो तेव्हा स्पीकर त्या एका वॅटच्या आसपासच काम करत असतो. म्हणून पारखही त्याच पातळीवर, निम्म्या आवाजावर, करायला हवी.

आपले मुख्य काम बातम्या आणि व्याख्याने हे आहे. त्यासाठी खर्जाचा दणका लागत नाही, शब्द स्वच्छ लागतात. खर्ज ही छोट्या स्पीकरची मुळातली अडचण आहे. स्वर एक सप्तक खाली नेला आणि त्याची पातळी तीच राखायची असली, तर ध्वनिपटलाला चौपट लांब मागेपुढे व्हावे लागते, आणि चार-पाच सेंटिमीटरच्या पटलाला एवढी हालचाल झेपत नाही. यावर उपाय म्हणून बऱ्याच स्पीकरच्या टोकांना एक निष्क्रिय पटल बसवलेले असते. त्याला तारा नसतात, ते आतील हवेच्या दाबाने थरथरते आणि खर्जाला थोडा आधार देते. गाणे चालू असताना त्यावर बोट हलकेच टेकवून पाहा, थरथर स्पष्ट जाणवते. दुसरा उपाय आपल्या मेंदूच्या मदतीने होतो. एखाद्या खालच्या स्वराचे फक्त वरचे उपस्वर ऐकू आले, तरी मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून घेतो, त्यामुळे जो खर्ज स्पीकरमधून बाहेर पडतच नाही तोही आपल्याला ‘ऐकू’ येतो.

तिसरी युक्ती मात्र आपल्या कामाच्या आड येते. खरा खोल खर्ज देता येत नाही, म्हणून काही उत्पादक त्याच्या वरचा, साधारण १०० ते २०० हर्ट्झचा भाग फुगवून ठेवतात. दुकानातल्या दोन मिनिटांत तो भरदार वाटतो. घरी तासभर भाषण ऐकताना वक्ता माठात तोंड घालून बोलत असल्यासारखे वाटू लागते, कारण पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर नेमका याच पट्ट्यात असतो, आणि शब्द ओळखू येण्यासाठी लागणारी व्यंजने मात्र बरीच वर, दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असतात. फुगलेला तळ त्यांना झाकून टाकतो. याची परीक्षा सोपी आहे. बातम्यांतील आकडे ऐकावेत. ‘सात’ आणि ‘साठ’, ‘तीस’ आणि ‘तीन’ यांतला फरक दोन-तीन पावलांवरून, पाठमोरे उभे राहून, अडखळल्याशिवाय कळला, तर स्पीकर आपल्या उपयोगाचा आहे.

दुकानात जाताना स्वतःचा फोन न्यावा आणि त्यात तीन गोष्टी आधी उतरवून ठेवाव्यात: एका माणसाचे साधे बोलणे, ठळक तालवाद्य असलेले एक गाणे आणि पुष्कळ वाद्ये एकत्र वाजणारी एखादी रचना. तिन्ही आपल्या परिचयाच्या असाव्यात. विक्रेता जे लावतो, ते बहुधा त्या स्पीकरला शोभेल असेच निवडलेले असते. सुरुवात निम्म्या आवाजावर करावी आणि शेवटी एकदाच पूर्ण आवाज करून पाहावा. तेव्हा कवच किंवा जाळी खडखडते का आणि तालवाद्याच्या प्रत्येक ठोक्याबरोबर गाणाऱ्याचा आवाज दबून पुन्हा वर येतो का, याकडे लक्ष द्यावे. तसे होत असेल, तर आतील यंत्रणा पटल फाटू नये म्हणून आवाजाला लगाम घालत आहे. थोडा लगाम चालतो. गाण्याला धाप लागल्यासारखी वाटू लागली, तर तो आवाज त्या स्पीकरला पेलत नाही असे समजावे.

याउलट अगदी कमी आवाजावर काय होते, हे फारसे कोणी तपासत नाही, आणि पहाटे घर झोपलेले असताना बातम्या लावणाऱ्याला त्याचाच त्रास होतो. काही स्पीकरवर आवाजाच्या पायऱ्या इतक्या उंच असतात की एका पायरीवर ऐकू येत नाही आणि पुढच्या पायरीवर शेजारची खोली जागी होते. काही स्पीकर बोलण्यातील विरामात आतील वर्धक (ॲम्प्लिफायर) बंद करतात, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत पुढच्या वाक्याचे पहिले अक्षर गिळले जाते. माझ्याकडे एक स्पीकर होता. तो चालू करताच ‘जोडणीसाठी तयार’ अशी इंग्रजी घोषणा पूर्ण आवाजात करत असे आणि ती बंद करण्याची सोयच नव्हती. आवाज उत्तम असूनही केवळ या एका सवयीमुळे तो शेवटी कपाटात गेला.

बटणांकडेही पाहावे. रबराखाली दडलेली, सपाट, एकसारखी बटणे ओल्या हाताने आणि चष्म्याशिवाय सापडत नाहीत.

एवढ्या कसोट्यांतून उतरला, तर आपण दुसरा, १० वॅटचा स्पीकर घ्यावा. घरी आल्यावर तो भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नये, तिथे खर्ज आणखी फुगतो. आणि टेबल त्याच्याबरोबर घुमू लागले, तर खाली घडी घातलेले फडके ठेवावे.

प्रश्न : स्पीकर जोडून चित्रफीत पाहताना ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. माझा स्पीकर बिघडला आहे का?

उत्तर : बिघडलेला नाही. फोन आवाज आधी आवळून लहान करतो, मग तो तुकड्यातुकड्यांनी पाठवतो, आणि मधला एखादा तुकडा हरवला तर खंड पडू नये म्हणून स्पीकर थोडा साठा हाताशी ठेवूनच वाजवू लागतो. या साऱ्यात सहज १०० ते २५० मिलिसेकंद जातात. आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडला की पाहणाऱ्याच्या ते लक्षात येऊ लागते. चित्रफिती दाखवणारी बरीच ॲप चित्रालाही तेवढेच थांबवून मेळ घालतात. आपले ॲप तसे करत नसावे, तेव्हा दुसऱ्यावर तीच चित्रफीत लावून पाहावी. खेळात मात्र चित्र थांबवून चालत नाही. अशा वापरासाठी फोन तारेने जोडण्याची खाच असलेला स्पीकर घ्यावा. हल्ली स्वस्त स्पीकरमधून ती खाच हळूहळू नाहीशी होत आहे, हे मला पटलेले नाही.

प्रश्न : खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ असे लिहिले आहे. म्हणजे समुद्रावर आणि पोहण्याच्या तलावात बिनधास्त न्यावा का?

उत्तर : या खुणेतील ७ हा आकडा पाण्याविषयी आहे. वस्तू १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवून ठेवली तरी अपायकारक प्रमाणात पाणी आत शिरत नाही, असा त्याचा अर्थ. ‘एक्स’च्या जागी धुळीविषयीचा आकडा असायला हवा, तो दिलेला नाही, म्हणजे धुळीबाबत काहीच सांगितलेले नाही. वाळूत ठेवायचा असेल, तर ‘आयपी ६७’ अशी खूण पाहावी, त्यातील ६ पूर्ण धूळबंदपणा दाखवतो. ही चाचणी साध्या पाण्यात होते. खारट पाणी, तलावातील क्लोरीन आणि साबण यांचा तिच्याशी संबंध नाही, म्हणून असे पाणी लागल्यास स्पीकर गोड्या पाण्याने विसळून कोरडा करावा. सगळी भिस्त चार्जिंगच्या खाचेवरील रबरी झाकणावर असते. ते नखाने ओढून पाहावे. सैल असेल किंवा एका बारीक दोरीवर लटकत असेल, तर वर्षभरात ते तुटेल आणि खूण फक्त खोक्यावर उरेल. ओल्या खाचेत चार्जरची पिन कधीही घालू नये.

प्रश्न : नव्या फोनच्या चार्जरने आणि त्याच्याच दोन्ही टोकांना सी-पिन असलेल्या तारेने माझा स्पीकर चार्ज होत नाही. जुन्या चार्जरवर मात्र होतो. चार्जर बदलून घ्यावा का?

उत्तर : चार्जर निर्दोष आहे. सी-पद्धतीचा चार्जर समोर कोण आहे याची ओळख पटल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि ती ओळख पटते उपकरणाच्या खाचेमागे बसवलेल्या ५.१ किलोओहमच्या दोन छोट्या रोधकांमुळे. अत्यंत क्षुल्लक किमतीचे हे रोधक काही स्वस्त उपकरणांत गाळले जातात. जुन्या, चपट्या आयताकृती खाचेच्या चार्जरला अशी ओळख लागत नाही, म्हणून त्यावर काम होते. आपण तीच जुनी जोडी वापरत राहावी. नवा स्पीकर घेणाऱ्यांनी मात्र दुकानातच दोन्ही टोकांना सी-पिन असलेली तार लावून दिवा लागतो का, हे पाहावे. जिथे एवढी काटकसर केली, तिथे आत आणखी कुठे केली असेल याचा थोडा अंदाज येतो.

प्रश्न : ब्लूटूथ ५.३ असलेल्या स्पीकरचा आवाज ५.० पेक्षा चांगला असतो का? माझा ५.३ चा आहे, तरी फोन मागच्या खिशात ठेवून फिरलो की गाणे तुटते.

उत्तर : केवळ या आकड्याने आवाज सुधारत नाही. गाणी बहुतेक वेळा अजूनही जुन्याच पद्धतीच्या जोडणीवरून जातात, आणि पाचव्या आवृत्तीतील लांब पल्ल्याची सुधारणा कमी ऊर्जेच्या वेगळ्या जोडणीसाठी आहे. खिशाचे कारण वेगळे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते, आणि पाणी या लहरी चांगल्याच शोषते. आपले शरीर बहुतांशी पाणीच असल्याने, आपण स्पीकरकडे तोंड केले की मागच्या खिशातील फोनच्या वाटेत आपणच उभे असतो. घरातील वायफायही बऱ्याचदा याच पट्ट्यात चालते. त्याला टाळण्यासाठी ब्लूटूथ सतत वाहिन्या बदलत राहते, पण आधीच क्षीण झालेल्या लहरींना तो गजबजाट भारी पडतो. फोन छातीच्या खिशात ठेवून पाहा. तरीही गाणे तुटत असेल, तर वायफायचा राउटर आणि स्पीकर एकाच फळीवर आहेत का, तेवढे तपासून कळवा.